जीपखालची काहील

सुनेच्या हातून पाकाचा गूळ करपला आणि मी निवडायचे तांदूळ टाकून उठले.

माळावरच्या दगडांनी जीपचा ऑईल चेंबर फुटून दादा, माझे वडील, एकदा तिकडंच अडकून पडले होते. म्हणून मुरूडला त्यांनी गुऱ्हाळातली रस आटवायची जुनी लोखंडी काहील कापून जीपच्या पोटाखाली बसवली. वेल्डिंग करताना रहीमचाचा म्हणाले, "दादा, हिला गूळ हाय अजून." दादा हसले, "राहू द्या, दगडाला बी गोड लागंल."

पुढं इंजिन तापलं की करपट-गोड वास सुटायचा. दादा माळाकडं गेले की माझा जीव थाऱ्यावर नसे. तो वास गल्लीत शिरला, की मी धावत फाटक उघडायची.

दादांना जाऊन किती वर्षं झाली. आज सुनेनं विचारलं, "आई, कुठं निघालात?" तेव्हा माझा हात फाटकाच्या कडीवर होता.