तिकांडं आणि ओला धुरा

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही किती टिकेल सांगता येत नाही. घरी आल्यावर बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "तिकांडं दाखव मले एकदा. तुया फोटोच्या मशीनीत मोठं दिसते म्हणते ना?"

तिकांडं म्हणजे मृगातले ओळीनं उभे तीन तारे. लहानपणी आसगावच्या शेतात बाबांची रात्रीची पाणीपाळी असली की मीही हट्टानं मागे जायची. घड्याळ नव्हतं. तिकांडं मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर आलं की पाणी दुसऱ्या बांधीत, म्हणजे धानाच्या दुसऱ्या खाचरात, फिरवायचं. वर बघत बसणं हे माझं काम. "बाबा, आलं!" ओरडले की ते फावडं उचलायचे. केवढी ऐट होती तेव्हा माझी! अजूनही आठवलं की तळपायांना तो गार चिखल लागतो.

तर जानेवारीत जेवणं आटोपून आम्ही शेतात गेलो. बाबा खळ्यातल्या खाटेवर घोंगडं पांघरून बसले. खळ्यातून मोहाच्या फांद्यांआड ध्रुव दिसेना, म्हणून मी कॅमेऱ्याची तिपाई धुऱ्यावर, बांधीच्या मातीच्या बांधावर, नेली. आभाळाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राचा कणा ध्रुवावर नीट रोखला, कारण आभाळ त्याच्याभोवतीच फिरतं. पहिला फोटो आला तो सगळा धूसर, ताऱ्यांचे नुसते मेदूवडे. फोकस गेलेला. लॅपटॉप बाबांसमोर धरला आणि म्हटलं, "बिघडला."

"काहून? बराबर तर आहे," बाबा म्हणाले. "मले तर सारं असंच दिसते आता."

पुठ्ठ्याला फटी पाडून केलेली जाळी लेन्सवर लावली. ताऱ्याला तीन रेघा फुटल्या. मधली रेघ बरोबर मधोमध येईपर्यंत फोकस फिरवला. पण आता तारे लांबले, रेघोट्या झाल्या. ध्रुव पुन्हा रोखला, पुन्हा रेघोट्या. तिसऱ्यांदाही तेच! मी यंत्राला नाही नाही त्या शिव्या दिल्या. एवढं महागाचं डबडं घेतलं तरी कशाला!

"कायले त्याले बोलून राहिली?" बाबा खाटेवरून म्हणाले. "पाय कोठं रोवले तिपाईचे?"

"धुऱ्यावर."

"नव्या? सकाळीच लिपला ना मी तो. बांधीत पाणी सोडलं आहे. खचून राहिला असंल."

धानवाल्याची पोर मी, आणि मला हे सुचू नये! टॉर्च मारली, तर तिपाईचा एक पाय चार बोटं चिखलात गेलेला. बाबांनी मग खळ्याचा उत्तरेकडचा कोपरा सांगितला. तिथून दोन फांद्यांमधून ध्रुव दिसतो म्हणाले. तिपाई तिथे नेली, आणि खरंच दिसला. तिथली जमीन बैलांनी तुडवून दगडासारखी घट्ट झालेली. पुढचा फोटो आला तो टिपक्यासारखे तारे घेऊन.

बाबांनी पडद्याला नाक लावलं. "एक... दोन..." आणि थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचं बोट त्याच ओळीत अंदाजानं हळूहळू पुढे सरकलं आणि नेमकं तिसऱ्या ताऱ्यावर टेकलं.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"आला, बाबा."

"मंग फिरव पाणी," म्हणाले आणि हसले. मला रडूच फुटलं.