गांबियाच्या किनाऱ्यावर वाळवलेली मासळी

मी मुळात भाजीपाला वाळवणारी बाई. शेंद्र्याजवळच्या एका शेडमध्ये आम्ही बाया कांदा, आलं, मेथी कापून सोलर ड्रायरमध्ये वाळवतो. ड्रायर बनवणाऱ्यांनी एकदा विचारलं, "पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा छोटा देश आहे. तिथल्या मासे विकणाऱ्या, भाजी पिकवणाऱ्या बायांना हे काम दाखवायचंय. जाल का?" मुकुंदवाडीला घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो चहा गाळत होता. म्हणाला, "जा की. मासे तर तुला लई आवडतात."

आवडतात खरे, पण आमच्याकडं मासे म्हणजे बाजारातलं सुकट नि बोंबील. ते वाळवतात कसे, हे मला कुठं ठाऊक?

समुद्र मी पहिल्यांदा तिथंच बघितला. किनाऱ्यालगतच्या आवारात बाया भट्ट्यांवर मासे धुरी देऊन टिकवायच्या. धुरानं डोळे लालभडक. सरपणासाठी खारफुटी तुटायची, आणि त्याच खारफुटीच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. हे त्यांना चांगलं कळत होतं, म्हणून तर त्यांनी ड्रायर मागवले होते. त्यांच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला मी मावशी म्हणू लागले. तिच्या सुनेला इंग्रजी यायचं, मला मोडकंतोडकं. तेवढ्यावर आमचं भागायचं.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. इथल्यासारखेच मी ट्रे गच्च भरले. पण आपली हवा कोरडी, तिथली दमट. दुसऱ्या दिवशी ड्रायरचं दार उघडलं तर घाण वास. सगळी मासळी फेकावी लागली. होड्यांपाशी कंबरभर पाण्यात उभं राहून बायांनी आणलेली मासळी होती ती. मला रडू आवरेना.

मावशी रागावली नाही. हाताला धरून घरी नेलं, मोठ्या ताटात भात वाढला, वर शेंगदाण्याचं दाट कालवण. पहिला घास घेतला आणि मी चकित झाले. थेट आमच्या दाण्याच्या आमटीची चव!

"आई म्हणतात, पोटभर जेव," सून म्हणाली. "उद्या परत होड्या येतील."

होड्या आल्या. मावशीनं स्वतः माशांची पाटी माझ्यापुढं ठेवली. मासे उभे चिरून मिठाच्या पाण्यात ठेवायचे, ही तिची कल्पना. ट्रे विरळ लावायचे आणि ऊन उतरलं की माल झाकून आत घ्यायचा, ही माझी. या वेळी मासा कडक वाळला. मावशीनं तुकडा मोडला, हुंगला आणि मला मिठी मारली. बाकीच्या बाया टाळ्या वाजवून गाऊ लागल्या. मग त्यांच्या मळ्यातली भेंडी, मिरचीही आम्ही वाळवली. ते काम मात्र माझ्या हातातलं होतं.

भट्ट्या काही बंद पडल्या नाहीत. धुरीचा मासा मागणारं गिऱ्हाईक आहेच. पण सरपण कमी लागतं. परवा सुनेचा व्हिडिओ कॉल आला. खाडीकाठच्या चिखलात बायांनी खारफुटीची रोपं लावली होती आणि मावशी गुडघाभर चिखलात उभी राहून मला हात हलवत होती. मी शेडमधल्या सगळ्या बायांना हाक मारली. म्हटलं, "या गं, बघा. वाया घालवलेल्या मासळीबद्दल चकार शब्द न काढता मला जेवू घालणारी ती हीच."