मावशींनी सोडलेलं विमान

आमच्या घरी पाहुणे उकाड्यात बसतात. हॉलमधला पंखा लावला की पडद्याच्या दांडीला टांगलेली विमानं एकमेकांवर आपटतात, त्यामुळे पंखा बंद. नवरा निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं होतं, सकाळी चालायला जाईल, फार तर सोसायटीच्या कमिटीत भांडेल. त्याने बाल्सा लाकडाच्या काड्या आणल्या, पतंगाहून पातळ कागद आणला आणि जेवणाचं टेबल कायमचं बळकावलं. चार महिने मी धुसफुसले. पाचव्या महिन्यात मीच एक पंख चिकटवत बसले होते.

ही विमानं बॅटरीवर चालत नाहीत आणि त्यांना रिमोटही नसतो. पोटात रबराची लांब लड असते. ती पीळ देऊन भरायची आणि विमान सोडून द्यायचं. नाकावरचा पंखा फिरतो, विमान वर चढतं आणि पीळ संपला की तरंगत राहतं. वजन जेमतेम दोन अंड्यांइतकं. हातातून सुटलं की मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून जे काय ऐकवायचं ते आधी.

आणि हे "आधी" म्हणजे माझ्या डोक्याला ताप. प्रत्येक उड्डाणाआधी नवरा हजेरी घेतो. "वारा?" मी म्हणायचं, बघितला. "तारा?" लांब आहेत. "माणसं?" वाऱ्याच्या बाजूला कुणी नाही. "घड्याळ?" चालू. हे घड्याळ म्हणजे किल्लीचं एक इवलंसं यंत्र. त्याची खुंटी ओढली की ते टिकटिकायला लागतं आणि दोन मिनिटांनी शेपटीचा दोरा सोडतं. शेपटी वर उचलली जाते आणि विमान गुपचूप खाली येतं. घड्याळ चालू केलंच नाही आणि विमान उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत सापडलं, तर त्याला रामराम. खुंटी ओढायचं काम माझं. तिला मी लाल दोरा बांधलाय, आणि ओढलेली खुंटी लगेच कुर्त्याच्या खिशात टाकायची हेही ठरलेलं. शाळेत हजेरीला मी इतकी कधी वैतागले नव्हते.

नालासोपारा पश्चिमेला आमचा फ्लॅट, तिथून रिक्षाने गास गाव. तिथे एका मावशींच्या शेतात आम्ही उडवतो. मावशी सत्तरीच्या, शेतालगतच त्यांचं घर. पहिल्यांदा आम्ही विमान हातात धरून, चपला काढून त्यांच्या ओटीवर बसलो आणि परवानगी मागितली. त्यांनी अटी घातल्या. भात घरात आल्याशिवाय यायचं नाही. बाजूच्या तुकड्यात वाल पेरलेले असतात, त्यात पाय टाकायचा नाही, विमान पडलं तरी. येता-जाता फाटक लावायचं. "आन वर बघत धावू नका. तिकडं बावखल हाय."

बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं डबकं, वरून शेवाळाने हिरवंगार. नवरा पहिल्याच दिवशी वर बघत धावला आणि कमरेपर्यंत आत गेला. मावशी हसून हसून बांधावर बसल्या. आपल्या हजेरीत त्याने स्वतःच्या पायांचा मुद्दा घेतलाच नव्हता, हे मी त्याला आजही ऐकवते. पण त्या हसण्यामुळे मावशी आमच्या झाल्या, हे मात्र खरं.

तेव्हापासून एक रीत पडली. भात निघालं की एका रविवारी मावशी सकाळची मिस्सा आटपून, चर्चला नेसलेल्या लुगड्यातच शेतात येतात आणि हंगामातलं पहिलं विमान त्यांच्या हातून सुटतं. आधी क्रूसाची खूण करतात, मग दोन पावलं पुढे टाकून असं अलगद सोडतात की मला अजूनही तसं जमत नाही. विमान वर गेलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. तो बघायला मी पहाटे उठून डबे करून निघते, विमानासाठी नाही.

मागच्या हंगामाचं पहिलं विमान नवऱ्याने अख्खा पावसाळा खपून केलं होतं. पिवळे पंख, पंखावर काळ्या शाईने आमचा फोन नंबर. मी पीळ भरला. मावशींनी विमान हातात घेतलं, ऊन त्यांच्या अंगावर पडलं, आणि मला वाटलं, यंदा फोटो काढायचाच. मी फोनमध्ये कॅमेरा शोधत होते.

"वारा?" बघितला. "तारा?" लांब. "माणसं?" नाहीत. "घड्याळ?"

"चालू, चालू," मी म्हटलं. बोट फोनवरच होतं.

मावशींनी विमान सोडलं. काय चढलं ते! नारळांच्या वर गेलं, पीळ संपला तरी खाली येईना. वर दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या, विमान जाऊन त्यांच्यात सामील झालं. मी चक्क नाचत होते. मावशी टाळ्या वाजवत होत्या. मग नवऱ्याने स्टॉपवॉच बघितलं, वर बघितलं, परत स्टॉपवॉच बघितलं.

"अडीच मिनिटं," तो म्हणाला. "शेपटी उचलत नाहीये."

मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

वारा त्या दिवशी दक्षिणेकडून होता. विमान उत्तरेला सरकत गेलं, आधी चिमणीएवढं दिसलं, मग तिळाएवढं, मग दिसेनासं झालं. मावशींनी आपल्या हातांकडे बघितलं.

"माजं काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काही नाही हो मावशी," नवरा म्हणाला. "घड्याळ अडकलं असेल."

बोलायची वेळ तीच होती. मी सोसायटीत लिफ्टचं दार उघडं ठेवणाऱ्यांना फैलावर घेणारी बाई. मी खाली वाकून डबे गोळा करायला लागले.

पुढचे तीन दिवस आम्ही वाड्यावाड्यांतून फिरलो. नवऱ्याने कुणाच्या कुंपणावर पाय ठेवला नाही. प्रत्येक फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायची, विचारायचं, मगच आत जायचं. एका वाडीवाल्याने आम्हाला केळ्यांचा घड दिला, विमान काही दिलं नाही. संध्याकाळी मावशींकडे गेलो तर अंगणातल्या क्रूसापुढे मेणबत्ती जळत होती. हरवलेल्या वस्तू मिळवून देणाऱ्या संताला त्या रोज एक मेणबत्ती लावत होत्या. नवऱ्याने आणलेलं दुसरं विमान त्यांच्यापुढे केलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको. माजा हात जड हाय. तुमची पावसाल्यातली मेनत मी घालवली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी गप्प. केळी मात्र खाल्ली.

चौथ्या दिवशी फोन आला. अर्नाळ्याहून एक बाई बोलत होती. "तुमचा इमान हाय का वो? पिवला? आमच्या वलांडीवर बसलाय."

आम्ही धावलो. किनाऱ्यावर बांबूच्या उंच वलांड्यांवर बोंबील वाळत होते, आणि त्याच रांगेत शहाण्यासारखं आमचं विमान येऊन बसलं होतं म्हणे. त्या मासेवाल्या ताईंनी ते मांजरांपासून वाचवायला मोठ्या टोपलीखाली झाकून वर दगड ठेवला होता. एका पंखाला भोक पडलं होतं, बाकी धडधाकट. वास असा, की रिक्षावाला नाक दाबून चालवेल. ताईंनी विमान देण्याआधी नवऱ्याला नंबर म्हणायला लावला आणि पंखावरच्या नंबराशी ताडून बघितला. नवऱ्याहूनही कडक बाई जगात आहे हे बघून मला फार बरं वाटलं.

नवऱ्याने विमान उलटं केलं. पोटाखाली लाल दोरा लोंबत होता. खुंटी जागच्या जागी.

"अहो," मी म्हटलं, "मी खुंटी ओढलीच नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं. खिसा रिकामा होता."

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने दोऱ्याला बोट लावलं. "मला दिसतंय ते," तो म्हणाला. "मावशींना दिसलेलं नाही."

रिक्षा थेट गासला घेतली. मावशी अंगणात लसूण निवडत होत्या. विमान बघून त्या उठल्या, क्रूसाकडे बघून हात जोडले. त्यांचा आनंद संपायच्या आत बोलायला हवं होतं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. मी त्यांना लाल दोरा दाखवला आणि सगळं सांगितलं. फोनचं, खिशाचं, तीन दिवस गप्प बसल्याचंही.

मावशींनी लाल दोरा चिमटीत धरला. "तीन दिस मी मेनबत्त्या जालते," त्या म्हणाल्या, "आन तू हितं बसून च्या पिते?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी माझ्या दंडावर एक चापट मारली. चांगली सणसणीत. मग दोन्ही हात पदराला पुसून पुढे केले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दे इकडं ते."

पंखाच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला, पीळ भरला आणि आम्ही शेतात उतरलो. नवऱ्याने हजेरीसाठी तोंड उघडलं, पण मावशींनी त्याला हातानेच थांबवलं. हजेरी त्यांनी घेतली. वारा, तारा, मानसं, सगळं एका दमात.

"घड्याल?"

"चालू," मी सवयीने म्हटलं.

मावशी हलल्या नाहीत. विमान छातीशी धरून त्यांनी डावा हात माझ्यापुढे पसरला. "खुटी दे."

मी लाल दोऱ्याची खुंटी ओढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली, विमान कानाशी नेलं आणि डोळे बारीक करून टिकटिक ऐकली. मग ती खुंटी कमरेला खोचली, क्रूसाची खूण केली, दोन पावलं टाकली आणि सोडलं. बोंबलाचा वास घेऊन विमान नारळांच्या वर गेलं. बरोबर दोन मिनिटांनी शेपटी उचलली गेली आणि ते डुलत डुलत वालाच्या अलीकडे, बांधाला लागून बसलं. मावशींनी दोन्ही हात आकाशाकडे केले आणि मोठ्याने हसल्या.

आता हजेरी त्याच घेतात. त्या उड्डाणाचा फोटो आमच्याकडे नाही. फोन मी फाटकाबाहेर थांबवलेल्या रिक्षाच्या सीटवरच विसरले होते, आणि हे मला घरी उतरताना कळलं.