कर्ता गाळलेले वाक्य

कांबळेमामांची आणि माझी ओळख झाली ती मला उंदीर चावला म्हणून. परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी संशोधनासाठी नुकतीच रुजू झाले होते आणि शांताराम कांबळे तिथल्या प्राणिगृहात परिचर होते. माझी किंकाळी ऐकून ते आले, आधी उंदराला कुठे लागले का ते पाहिले, मग माझे बोट नळाखाली धरले. "ताई, त्याने तुम्हाला ओळखलं नाही अजून. उद्या परत या," म्हणाले.

वरळीच्या बीडीडी चाळीतले हे मामा आज पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या शेजाऱ्यांनी या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे दोन गोड शब्द मागितले. माझ्याजवळचे शब्द गोड नाहीत, हे आधीच सांगते.

आमचे काम असे होते: मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे वेदनाशामक उंदरांना टोचायचे आणि त्यांच्या मेंदूत सेरोटोनिन हे रसायन तयार होण्याचा वेग बदलतो का, ते मोजायचे. तुलनेसाठी काही उंदरांना नुसते मिठाचे पाणी टोचत असू. कित्येक महिने आकडे जुळेनात. मिठाचे पाणी दिलेल्या उंदरांतही वेग कधी वाढलेला दिसे, कधी नाही. विभागप्रमुख सर रसायनांना दोष देत, मी यंत्राला. एके दिवशी मामा म्हणाले, "ताई, सुई दिसली की तो थरथरतो. तुम्ही औषध मोजताय का त्याची भीती?"

भीतीनेही मेंदूतली रसायने बदलतात, हे आम्ही वाचले होते. मामांना ते तळहातावर जाणवत होते. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक उंदीर उचलून हातावर घेत, रिकामी सिरिंज अंगाला लावत आणि अलगद खाली ठेवत. असे आठवडाभर, रविवारीसुद्धा. मग प्रयोग. आता आकडे स्वच्छ आले: मिठाच्या पाण्याने फरक पडत नव्हता, मॉर्फिनने वेग वाढत होता.

शोधनिबंध मी टाइप केला आणि आभारात मामांचे नाव घातले. सरांनी ते खोडले. "शिपायांची नावं छापायला ही लग्नपत्रिका आहे का?" मी हसले. छापून आले ते मराठीत सांगायचे तर एवढेच: 'प्राण्यांना आठवडाभर हाताळणीची सवय लावण्यात आली.' कोणी लावली? पुढे संशोधन सोडून मी वर्तमानपत्रात आयुष्य काढले, इतरांच्या बातम्यांतली कर्ता नसलेली शेकडो वाक्ये दुरुस्त केली. ते एक तसेच राहिले.

नाव गळाल्याचे मी मामांना चाचरत सांगितले. ते म्हणाले, "नावाचं जाऊ द्या. सवयीचं लिहिलंय ना? नाहीतर दुसऱ्या कोणाचं चुकेल."

पुढच्याच वर्षी तंत्रज्ञाच्या पदासाठी मुलाखती झाल्या. मामा पात्र होते. फक्त संशोधनात काम केल्याचा लेखी पुरावा हवा होता. ते निबंधाची प्रत घेऊन गेले. समितीत सरच बसले होते. "यात तुमचं नाव कुठे आहे? पिंजरे धुण्याखेरीज काय करता?" त्यांनी विचारले. मी शेजारच्याच खोलीत ऐकत होते. आत जाऊन चार शब्द सांगता आले असते. गेले नाही. पद बाहेरच्या माणसाला मिळाले आणि मामा परिचर म्हणूनच निवृत्त झाले. त्याआधी सरांच्या निवृत्तीचा मोठा समारंभ झाला. त्या सभागृहातल्या खुर्च्या मामांनी मांडल्या.

मामा आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेले आहेत. गेल्या महिन्यात तिथे जाऊन मी विचारले, "हे सगळं लिहू का?"

"लिहा की. खरं आहे ते लिहा. फक्त सरांना मी माफ केलं असं लिहू नका. गौरवात लोक हमखास तसं लिहितात."

"आणि मला?"

"तुम्हालाही नाही, ताई," मामा म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या. चहा निवतोय."

मामांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, झोप शांत लागो. आणि त्यांनी न दिलेली माफी मागायला कोणी त्यांच्या दारात जाऊ नये. मीही जाणार नाही.