ऑगस्टात डिसेंबरचा कोट

आयोवातल्या आमच्या गावात पाद्री सांगतो ते लोक ऐकून घेतात आणि अर्डिस फोल्कर्ट्स सांगते ते करतात. अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. पण हरणासाठी बंदुकीची नवी गोळी बाजारात आली, की तिची परीक्षा अर्डिसच्या कुरणातच होते.

आमच्याकडे हरणावर रायफल चालत नाही. शॉटगनच हवी, छर्ऱ्यांऐवजी शिशाची एकच जाड गोळी घातलेली. त्यामुळे साऱ्या कारखान्यांची कल्पकता त्या एका गोळीवर तुटून पडते. कुणी तिला दोऱ्याच्या रिळाचा आकार देतो, कुणी टोपणासारखी पोकळ करतो, कुणी मागे प्लास्टिकची शेपटी लावतो. खोक्यावर मात्र सगळ्यांच्याच भरघोस शिंगांचं हरीण असतं.

"चित्रातलं हरीण कुणाचंच चुकत नाही," अर्डिस म्हणते.

तिची रीत ठरलेली. चर्चच्या जेवणातून उरलेली कागदी ताटली गवताच्या गठ्ठ्यावर खिळायची, आणि गार बंदुकीतून दिवसाला एकच गोळी मारायची. नळी तापेपर्यंत हरीण काही थांबत नाही. आणि ऑगस्ट असला तरी अंगावर डिसेंबरचा कोट आणि हातमोजे हवेतच, कारण शिकार सदरा घालून होत नाही. या अटींमुळे तिच्याकडे हौशे फारसे टिकत नाहीत.

हार्लन टिकला, कारण त्याला दुसरा मार्ग नव्हता. हा तिचा शेजारी, डुकरं पाळणारा, सडपातळ, मोजकं बोलणारा. आदल्या हंगामात हाक्याच्या वेळी, म्हणजे काहीजण हरणं उठवतात आणि बाकीचे वाटेवर दबा धरतात तेव्हा, त्यानं बापाच्या जुन्या बंदुकीनं एक नर जखमी केला. तो पळाला. सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत रान पिंजलं, दुसऱ्या दिवशीही पिंजलं. नर सापडला नाही. हाक्यात वर्षानुवर्षं ओढ्याच्या वळणावर उभा राहणारा हार्लन उन्हाळ्यात अर्डिसकडे येऊन म्हणाला, "या बंदुकीला मानवणारी गोळी मिळाली तर येईन. नाहीतर यंदापासून माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"नवी बंदूक घे ना."

"बापाची आहे गं."

विषय संपला.

मग ऑगस्टभर हार्लन जाड कोटात कुंपणापर्यंत धावून यायचा आणि धापा टाकत एक गोळी मारायचा. त्याचा मेहुणा ड्वेन खुर्ची टाकून बघायला बसायचा. "हार्लन, वाफ धरलीय रे तुला! बटाटे आणू का?"

सोनेरी खोक्यातली महागडी गोळी एकदा ताटलीत लागली, एकदा गठ्ठ्याच्या कडेला, एकदा कुठं गेली ते कळलंच नाही. रिळानं ताटली फोडली आणि दुसऱ्या दिवशी कुंपणाचा खांब. शेपटीवाली दिसायला बॅडमिंटनच्या फुलासारखी. तिला पाहून ड्वेन पोट धरून हसला. ती ताटलीला एकदाही शिवली नाही, रोज वीतभर उजवीकडेच गेली.

हार्लननं टोपी काढली. "संपलं म्हणायचं."

अर्डिस गठ्ठ्यापाशी गेली आणि तिनं भोकांवर हात ठेवला. "सगळी माझ्या तळव्याखाली झाकली जातायत."

"ताटलीबाहेर आहेत अर्डिस!"

"बाहेर, पण रोज तिथंच. तू दर रविवारी चर्चमध्ये चुकीच्याच बाकावर बसतोस. पण शोधायला कुणाला त्रास पडतो का?"

मग आत शिरल्यावर किती पसरते ते बघायला ती गोळी भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या चळतीत मारली. पिकांचे भाव ओलांडून, खेळाचं पान फाडून ती मृत्युवार्तांपाशी, चांगली फुलून थांबली. अर्डिसला हे पान योग्य वाटलं.

"बंदुकीला भोकं पाड आणि वर नेम धरायची पट्टी बसव," ड्वेन म्हणाला.

"बापाच्या बंदुकीला भोकं?"

अर्डिस हार्लनच्या तोंडाकडे बघत होती. "तुझ्या बापाचे गाल आठवतात का रे?"

"म्हणजे?"

"चर्चच्या जेवणात दोन माणसांचं जेवायचा. असे गाल होते. बंदूक त्या गालांना बसलेली. तुझा गाल आत जातो, डोळा उजवीकडे सरकतो, गोळी डोळ्यामागं जाते."

तिनं ॲप्रनच्या खिशातून शाळेच्या खुर्च्यांच्या पायांखाली लावतात ते लोकरी तुकडे काढले आणि बंदुकीच्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथं एक चिकटवला. दुसऱ्या दिवशी गोळी ताटलीच्या कडेला लागली. आणखी एक तुकडा लावल्यावर मधोमध.

ड्वेननं खुर्ची मिटली. "बापाचे गाल शाळेच्या खुर्चीखाली होते म्हणायचे." हार्लन मात्र कितीतरी वेळ त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत होता.

डिसेंबरात हाका निघाला तेव्हा ओढ्याच्या वळणावर हार्लन होता. पहिल्यांदा मोठा नर झाडीतून तिरपा धावत गेला. हार्लननं बंदूक उचललीही नाही.

"झोपला होतास काय?" ड्वेन लांबून ओरडला.

"पळत होता तो."

थोड्या वेळानं लव्हाळ्यांतून एक मादी बाहेर आली आणि थबकली. एकच बार झाला. शोधायला कुणाला जावं लागलं नाही. हार्लन उभा होता तिथूनच ती पडलेली दिसत होती.

दुपारी गोठ्यात जेवण वाढताना अर्डिसनं अभिनंदन वगैरे केलं नाही. हात पुढं केला. "गोळी?"

हार्लननं फुललेलं शिसं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "शेपटी कुठाय?"

"नाही सापडली."

"मग परीक्षा अपुरी राहिली," अर्डिस म्हणाली.

दुपारच्या हाक्याला अजून वेळ होता, कुणी कॉफीसुद्धा संपवली नव्हती. हार्लननं भरली ताटली खाली ठेवली, हातमोजे चढवले आणि शेपटी शोधायला वळणाकडं चालू लागला.