गिलासावर पालथा गिलास

मैत्रिणींनो, लेकीच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहतो, तरी फडताळावर गिलासावर गिलास पालथा ठेवायची सवय सुटली न्हाई. त्र्याण्णवच्या भूकंपापासूनची. जमीन हलली की वरचा पडतो अन् जाग येते.

आज दुपारी लेक शाळेतर्फे तुर्कस्तानच्या एका मुलीशी व्हिडिओवर बोलत होती. मला म्हणाली, "मम्मी, ते गिलास काढ ना, मागं दिसायलेत."

मी हात लावला, तशी ती मुलगी "नो, नो" ओरडली. तिनं मोबाइल फिरवला. त्यांच्याही कपाटावर गिलासावर पालथा गिलास! शेजारी तिची आई.

भाषा कळंना. आम्ही दोघी आया एकमेकींकडं बघत राहिलो, जणू भूकंपानंतर एकाच अंगणात बाजा टाकून पडलोय.

आता अंथरूण टाकताना लेक विचारतीय, "मम्मी, त्यांनी आज गिलास ठेवला असंल ना?"