फाईलबाई आणि साहेबाचं घराणं

फाईलबाईंना कुठलंही अक्षर लागायचं. डॉक्टरचं, ठेकेदाराचं, दीडशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचंसुद्धा. आखातात, देऱ्यातल्या आमच्या बांधकाम कंपनीच्या ऑफिसात त्या कागदपत्रं सांभाळायच्या आणि अल कुसैसहून माझ्याच गाडीने यायच्या.

२००८च्या अखेरीस बांधकामं एकामागून एक थांबली. रिकाम्या वेळात आमच्या इंग्रज मॅनेजरने स्वतःच्या घराण्याचा शोध हाती घेतला. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रती तो मागवायचा आणि त्यातलं गिचमिड अक्षर बाई लावायच्या. बघता बघता त्याच्या पाच पिढ्या त्यांना तोंडपाठ झाल्या. सिग्नलला थांबलो की म्हणायच्या, "आपला थॉमस सुतार निघाला हो!" थॉमस म्हणजे साहेबाचे खापरपणजोबा. ते 'आपले' कधी झाले, मला कळलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचे पणजोबा काय करायचे?" मला पणजोबांचं नावही आठवेना.

मी जळायचो. सात वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढली, पण चहाचा कप घेऊन तो कधी माझ्या टेबलाशी आला नाही. बाईंकडे रोज. माणसं कमी करणं चालू होतं. "बाईंनी नोकरी पक्की केली," असं मी घरी बायकोला सांगितलं.

एका सकाळी गाडीत बसताच त्यांनी नव्या नोंदीची प्रत माझ्यापुढे धरली. थॉमस एका जहाजाच्या कप्तानाचा मुलगा, असं साहेबाच्या घरात सगळे अभिमानाने सांगत. नोंदीत मात्र आईचं नाव होतं, मेरी, आणि वडिलांचा रकाना कोरा.

"गुरुवारी यादी लागतेय," मी म्हणालो. "अक्षर लागलं नाही म्हणा. खलास."

"लागलंय ना पण."

खरं तर त्यांनी सांगावं, असंच मला आतून वाटत होतं. त्यांनी सांगितलं. साहेब दोन दिवस केबिनबाहेर आला नाही.

गुरुवारी मुख्य ऑफिसातून कमी केलेल्यांची यादी आली. तिच्यात साहेब आणि बाई, दोघांचीही नावं होती. माझं नव्हतं. साहेब बाहेर आला, बाईंचा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभा राहिला. मला जाताना नुसती मान हलवली.

बाईंना एअरपोर्टवर मीच सोडलं. "मेरीनं एकटीनं वाढवलं हो त्याला," एवढंच त्या वाटेत बोलल्या. स्वतःच्या नोकरीबद्दल चकार शब्द नाही.

तीन वर्षांनी साहेबाचा ईमेल आला. घराण्याचा इतिहास त्याने छापला होता, बाईंना अर्पण केला होता. प्रत पाठवायला त्यांचा पुण्याचा पत्ता हवा होता. माझी साधी चौकशीही नव्हती.

पत्ता माझ्या डायरीत होता. तो पाठवायला मी अकरा दिवस लावले.